वडील गेल्यावर जादा जमा झालेली पेन्शन: बँक म्हणते एकरकमी भरा, मग काय करायचं?

ऐरोलीहून एका ताईंनी प्रश्न विचारलाय. थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील राज्य सरकारच्या नोकरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, वय ७४, १२ सप्टेंबरला गेले. घरात दिवसकार्य, येणारे-जाणारे, बँकेत कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सप्टेंबरची पेन्शन पूर्ण जमा झाली, ऑक्टोबरचीही पूर्ण जमा झाली. नोव्हेंबरात आई हयातीच्या दाखल्याचं विचारायला ब्रँचमध्ये गेली तेव्हा विषय निघाला, आणि आता बँक म्हणते ५७,६०० रुपये जादा गेलेत, एकरकमी भरा, तोपर्यंत खातं होल्डवर. वडिलांमागे आईला मिळायचं कुटुंब निवृत्तिवेतन (फॅमिली पेन्शन) अजून सुरू नाही. एका नातेवाइकाने सांगितलं सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एक पैसा देऊ नका. दुसऱ्याने सांगितलं पोलीस केस होईल, दागिने मोडा पण आधी भरा. आई घाबरून रात्रभर जागी असते.

ताई, आधी आईंना शांत करा. हा गुन्हा नाही, आणि पोलीस केस वगैरे काही होत नाही या प्रकारात. मी कोषागारात (सरकारी ट्रेझरीत) निवृत्तिवेतन शाखेत बरीच वर्षं काढलीत, आता ठाण्यात पेन्शनर मंडळींचे कागद बघून देतो, आणि खात्रीने सांगतो की असं प्रकरण जवळजवळ प्रत्येक पेन्शनर गेल्यावर थोड्याफार प्रमाणात होतंच. त्यात कुणाची लबाडी नसते. पेन्शनचं बिल महिना संपायच्या आधी तयार होतं, माणूस महिन्याच्या मधेच जातो, त्यामुळे जादा जमा ही ठरलेलीच गोष्ट आहे. प्रश्न फक्त किती जादा, आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते.

माझं म्हणणं एकच, कायद्याचं नंतर बघू, आधी हिशोब मागा. लेखी. तारीखवार. बँकेने तोंडी सांगितलेला आकडा हा हिशोब नसतो, ती फक्त मृत्यूनंतर खात्यात आलेल्या पैशाची बेरीज असते.

आता तुमचाच हिशोब मांडतो. आकडे मी जरा गोल केलेत, डीए (महागाई भत्ता) सरळ ५० टक्के धरलाय म्हणजे तोंडी जमेल, तुम्ही प्रत्यक्षात त्या त्या महिन्याचा डीए घाला. मूळ पेन्शन २४,०००, त्यावर डीए १२,०००, म्हणजे महिन्याला ३६,०००. कम्युटेशनची कपात (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दलची) १५ वर्षांनी बंद होते आणि वडील ५८ ला रिटायर झाले म्हणजे ती संपलेली, तो भाग सोडून देऊ. नियम असा आहे की पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत मिळते, तो दिवस धरून, आणि कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. मध्ये एक दिवसही रिकामा नसतो. म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत वडिलांची पेन्शन, १३ सप्टेंबरपासून आईंचं फॅमिली पेन्शन. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून घरात लावा, कारण काउंटरवर हेच कुणी सांगत नाही.

फॅमिली पेन्शनचा साधा दर म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पेन्शन पगाराच्या निम्मी धरून, पेन्शन २४,००० म्हणजे शेवटचा पगार ४८,००० धरला, त्याचे ३० टक्के १४,४००, वर ५० टक्के डीए ७,२००, एकूण २१,६०० महिना. आता सप्टेंबर बघा. वडिलांचे १२ दिवस म्हणजे ३६,००० च्या तीसातले बारा, १४,४०० रुपये. आईंचे १८ दिवस, २१,६०० च्या तीसातले अठरा, १२,९६० रुपये. दोन्ही मिळून घराचा हक्क २७,३६०. जमा झाले ३६,०००. सप्टेंबरचे जादा फक्त ८,६४०. ऑक्टोबरचा हक्क २१,६००, जमा ३६,०००, जादा १४,४००. दोन्ही महिने मिळून खरंखुरं जादा २३,०४० रुपये.

आणि बँक मागतेय ५७,६००. कुठून आला हा आकडा? सप्टेंबरचे उरलेले १८ दिवस वडिलांच्या दराने २१,६०० आणि ऑक्टोबरचे पूर्ण ३६,०००, बेरीज ५७,६००. म्हणजे आईंना त्याच दिवसांचे ३४,५६० मिळायचेत हे त्या बेरजेत कुठेच नाही. बँकेने खोटा आकडा सांगितला असं मी म्हणत नाही, वडिलांच्या पेन्शनपुरतं बघितलं तर तो आकडा बरोबर आहे. पण घरासाठी तो अर्धाच हिशोब आहे. ७० वर्षांच्या बाईला नवरा जाऊन दोन महिने झाले असताना अर्धा हिशोब दाखवून दागिने मोडायची वेळ आणणं हे मला अजिबात पटत नाही, आणि हे मी माझ्या जुन्या टेबलावर बसून केलेल्या कामाच्या अनुभवावरूनच म्हणतोय.

आता कोषागारातला माणूस तुम्हाला काय सांगेल तेही ऐका म्हणजे तिथे गेल्यावर गडबडायला होणार नाही. तो म्हणेल, पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्ही २०७१ या मुख्य शीर्षाखालीच पण वेगवेगळ्या लेखाशीर्षात (सरकारी जमाखर्चातल्या खात्यांत) खर्ची पडतात, त्यामुळे वडिलांच्या नावाचे जादा पैसे पूर्ण परत आले पाहिजेत आणि आईंचं १३ सप्टेंबरपासूनचं एरिअर्स (थकबाकी) वेगळं निघेल. हिशोबाच्या शिस्तीत हे चूक नाही. काही ठिकाणी वळते करून घेतात, म्हणजे एरिअर्सच्या बिलातूनच जादा रक्कम कापून उरलेलं देतात किंवा उरलेली वसुली हप्त्यात लावतात, काही ठिकाणी आधी भरा मग देतो असं म्हणतात. तुम्ही वळतं करून घेण्याचीच मागणी करा आणि लेखी करा. ऐकलंच नाही तर एवढं तरी पदरात पाडून घ्या, की खात्यात वडिलांच्या पेन्शनचे जे पैसे न काढता पडून आहेत तेवढे बँकेने परस्पर परत पाठवावेत, आणि कमी पडणारी रक्कम आईंच्या एरिअर्समधून घ्यावी. घरातून रोख भरायची वेळ यायलाच नको.

खात्याच्या होल्डबद्दल. बऱ्याचदा बँक पूर्ण खातंच बंद करून ठेवते, एटीएम बंद, लाइट बिलाचा ऑटो डेबिट बंद, औषधाच्या दुकानात युपीआय चालत नाही. इथे न घाबरता मॅनेजरला भेटायचं. जेवढी रक्कम वादात आहे तेवढ्यावरच लिअन (तेवढीच रक्कम अडवणं) ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा, एवढंच मागायचं. जॉइंट खातं असेल आणि त्यात आईंचे स्वतःचे पैसे असतील, एफडीचं व्याज येत असेल, तर ते पेन्शनचे नाहीत हे पासबुकातल्या एंट्रीवर पेन्सिलीने खुणा करून दाखवा. मी लोकांना नेहमी सांगतो, पासबुक छापून घ्या आणि तीन रंगांच्या खुणा करा, वडिलांची पेन्शन एक, बाकीची जमा दुसरी, मृत्यूनंतरचे काढलेले पैसे तिसरी. समोरचा माणूस कितीही घाईत असला तरी खुणा केलेलं पासबुक तो वाचतो, तोंडी गाऱ्हाणं ऐकत नाही.

हे काढलेले पैसे मात्र जरा नीट बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात वडिलांच्या एटीएम कार्डावरून घरखर्चासाठी पैसे काढले असतील तर ते लपवू नका, सरळ सांगा. तेराव्याचा खर्च, हॉस्पिटलचं उरलेलं बिल, सगळीकडे होतं हे. पण माणूस जाऊन वर्ष दीड वर्ष झालं, कळवलं नाही, कार्ड मुलाच्या खिशात आणि पेन्शन चालूच, ही गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे मी कुणाची बाजू घेत नाही, ते पैसे परत करायचे आणि लवकर करायचे, कारण तिथे खरोखर फौजदारी होऊ शकते, आणि तुमच्यासारख्या प्रामाणिक घरांकडे सगळे संशयाने बघायला लागतात ते अशांमुळेच.

आता तो सुप्रीम कोर्टाचा निकाल. नातेवाईक बहुतेक १८ डिसेंबर २०१४ च्या रफिक मसीह प्रकरणाबद्दल बोलत असतील. पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह असं ते प्रकरण. त्यात कोर्टाने काही परिस्थिती सांगितल्या जिथे जादा दिलेला पगार वसूल करता येणार नाही, उदाहरणार्थ वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर. केंद्राने त्यावर २ मार्च २०१६ ला आदेशही काढला. निकाल चांगला आहे, हजारो लोकांना त्याचा उपयोग झालाय. पण तो अशा माणसांसाठी आहे ज्यांना सरकारने स्वतःच्या चुकीने चुकीचा पगार किंवा पेन्शन लावली, वर्षानुवर्षं दिली, माणसाने ती खरी समजून खर्च केली आणि मग अचानक वसुली काढली. तुमच्याकडे तसं नाही. माणूस हयात नाही आणि त्याच्या नावाने पेन्शन आली, ती आपली नव्हतीच. हा निकाल पुढे करून भांडलात तर हरालच असं नाही, पण ऑफिसातला माणूस तुम्हाला अडेल समजेल आणि आईंचं फॅमिली पेन्शनचं काम, जे खरं महत्त्वाचं आहे, ते मागे पडेल.

शिवाय २०१६ च्या जुलैमध्ये जगदेव सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र ज्याने लिहून दिलंय तो त्याला बांधील आहे. आणि पेन्शन सुरू करताना बँका असं अंडरटेकिंग घेतातच, वडिलांनी रिटायर होताना सह्या केलेल्या कागदांत ते असणार. उलट बाजूने २०२२ च्या थॉमस डॅनियल निकालात कोर्टाने पुन्हा म्हटलं की कर्मचाऱ्याने फसवणूक केली नसेल, चूक खात्याची असेल, तर निवृत्तीनंतर वसुली नको. म्हणजे निकाल दोन्हीकडचे आहेत आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, एका ओळीचा व्हॉट्सअॅप मेसेज वाचून ठरवायची गोष्ट नाही ही.

हे निकाल खऱ्या अर्थाने कुठे लागतात तर नेरूळच्या एका आजींसारख्या केसमध्ये. त्यांच्याकडे माणूस जाऊन खूप वर्षं झालेली, पेन्शन त्यांच्याच नावाची, त्यांच्या हातात काही नाही, आणि मागच्या काळातली दराची चूक सापडली म्हणून न विचारता, नोटीस न देता खात्यातून महिन्याला कापायला सुरुवात केली. अशा ठिकाणी मी गप्प बसू देत नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या ८५ वर्षांच्या गृहस्थांच्या प्रकरणात अशीच परस्पर वसुली करणाऱ्या बँकेला कापलेले पैसे परत करायला लावले आणि वर ५०,००० रुपयांचा खर्चही बसवला. बँक पेन्शन वाटणारी आहे, किती द्यायची हे ठरवणारी नाही, हा त्यातला मुद्दा. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जादा पेन्शनच्या वसुलीबद्दलची आपली जुनी परिपत्रकं मागे घेतली आणि बँकांना सांगितलं की अशा बाबतीत पेन्शन मंजूर करणाऱ्या खात्याला विचारा. काउंटरवर कुणी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून कापतोय असं म्हणालं तर परिपत्रकाचा नंबर आणि तारीख मागा.

राज्याच्या पेन्शनरांसाठी सगळ्यात कामाचा नियम मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२, त्यातला नियम १३४-अ. नोकरीच्या काळात जादा दिलेली रक्कम पेन्शनमधून वसूल करता येते असंच तो सांगतो, म्हणजे वाचल्यावर वाटेल की हा तर आपल्या विरोधातला नियम, पण पुढचं वाचा. वसुलीच्या आधी पेन्शनरला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. आणि वसुली हप्त्यांनी करता येते, अशी की पेन्शन सरकारने ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही. झालं, तुमचा अर्ज याच दोन गोष्टींवर उभा करायचा. केंद्राच्या पेन्शनरांकडे, म्हणजे रेल्वे सोडून पोस्ट, प्राप्तिकर, कस्टम्स वगैरे मंडळी, त्यांच्यासाठी २०२१ च्या सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) पेन्शन नियमांत नियम ६६ आहे, तिथे कारकुनी चूक मंजुरीनंतर दोन वर्षांनी सापडली तर पेन्शन कमी करण्याआधी दिल्लीच्या पेन्शन विभागाची संमती लागते, आणि जादा रक्कम परत करण्यासाठी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

अर्ज कसा लिहायचा हे सगळे विचारतात. लांबलचक नको, व्यथा नको, कलमांची यादी नको. मी साधारण असा लिहून देतो (पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश):

"मा. कोषागार अधिकारी, ठाणे. विषय: कै. (नाव), पीपीओ क्र. (नंबर), यांच्या मृत्यूनंतर जमा झालेल्या निवृत्तिवेतनाच्या समायोजनाबाबत. माझे पती दि. १२ सप्टेंबर रोजी मयत झाले. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. दि. १३ सप्टेंबरपासून मला कुटुंब निवृत्तिवेतन देय आहे. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली जादा रक्कम परत करण्यास माझी तयारी आहे. मात्र (१) जादा रकमेचा महिनावार हिशोब मला लेखी मिळावा, (२) सदर रक्कम माझ्या देय कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीतून वळती करून घ्यावी, (३) तरीही काही रक्कम शिल्लक राहिल्यास ती नियम १३४-अ च्या धर्तीवर मासिक हप्त्यांत घ्यावी, (४) बँकेस खात्यावरील होल्ड वादातील रकमेपुरता मर्यादित ठेवण्यास कळवावे, ही विनंती. माझे अन्य उत्पन्न नाही."

बस. "परत करण्यास माझी तयारी आहे" हे वाक्य काढू नका, लोकांना वाटतं हे लिहिलं की आपण अडकलो, उलट त्या एका वाक्याने समोरचा माणूस तुमच्या बाजूने वागायला लागतो. शेवटचं "अन्य उत्पन्न नाही" हे मात्र खरं असेल तरच लिहा. दोन प्रती न्या, आवक-जावकला एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच बाहेर पडा. त्याच अर्जाची एक प्रत बँकेच्या ब्रँचलाही द्या, तिचीही पोच घ्या. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणं फार लांब नाही, शक्य असेल तर आईंना न नेता तुम्हीच जा, फक्त सही आधी घ्या. ओळख पटवायला त्यांना बोलावतील तेव्हा एकदाच न्यायचं.

सोबत लागतात ते कागद: मृत्यूचा दाखला, वडिलांचा पीपीओ, आईंचं आधार, पॅन, त्यांच्या नावाचं बँक पासबुक, फोटो. पीपीओवर आईंचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आत्ताच बघा, कारण खरा उशीर वसुलीमुळे होत नाही, तो नावातल्या फरकामुळे होतो, माहेरचं नाव, लाडाचं नाव, "बाई" लागलेलं न लागलेलं, जन्मतारीख कोरी. पीपीओवर जन्मतारीख नसेल तर ती आत्ता नोंदवून घ्या, पुढे ८० वर्षांनंतर वाढीव पेन्शनच्या वेळेला हीच तारीख आडवी येते.

दराची तारीखही बघा. वडील ७४ चे होते म्हणून आईंना सरळ ३० टक्क्यांचा दर लागतो. पण पेन्शनर लवकर गेला असेल तर आधी वाढीव दर मिळतो, ५० टक्क्यांपर्यंत, मृत्यूनंतर सात वर्षं किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६५ वर्षांचा झाला असता तो दिवस, यातलं जे आधी येईल तोपर्यंत, केंद्राकडे ही मर्यादा ६७ आहे. समजा शेवटचा पगार ३६,०००, म्हणजे वाढीव दर १८,००० आणि साधा दर १०,८००. राज्याचा माणूस ६० व्या वर्षी गेला तर पाच वर्षांनी दर उतरायला हवा. तो उतरवायचा कुणाच्या लक्षात राहिलं नाही की महिन्याला ७,२०० आणि त्यावरचा डीए जादा जायला लागतो, बाईला काहीच कळत नाही कारण तिच्या दृष्टीने पेन्शन येतेय ती येतेय, आणि चार वर्षांनी एकदम लाखांची नोटीस. ही तारीख पीपीओवर किंवा अधिकारपत्रावर छापलेली असते. ज्यांच्या घरात अशी पेन्शन आहे त्यांनी आजच ती शोधून कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये, जिथे दिसेल तिथे लिहून ठेवा आणि त्या महिन्यात स्वतः कोषागाराला एक कागद द्या. आपण कळवल्यावरही चूक चालू राहिली तर पुढे वसुलीच्या वेळेला तो पोचेचा कागद फार मोठा आधार होतो. तसंच मुलाच्या किंवा मुलीच्या नावे फॅमिली पेन्शन असेल तर वयाची मर्यादा पूर्ण होण्याची तारीख, लग्न, नोकरी, हे स्वतःहून कळवायचं.

आता अगदी छोट्या रकमांबद्दल, कारण दुसऱ्या एका वाचकांनी विचारलंय की कळव्याच्या त्यांच्या मावशींना डीए एका महिन्यात दोनदा लागला म्हणून ४,८०० रुपये परत मागतायत, भांडावं का? माझं मत स्पष्ट आहे, हिशोब मागा, बरोबर असेल तर देऊन टाका. वकिलाची फी, ठाण्या-मुंबईच्या चकरा, वर्षभराचा मनस्ताप, यात ४,८०० कुठल्या कुठे जातात. पण एकरकमी द्यायची सक्ती नाही. मावशींचं पेन्शन ११-१२ हजारच असेल तर चार हप्ते मागा, प्रत्येकी १,२००, मिळतात. आणि दिल्यावर पावती, कोणत्या महिन्यासाठी किती, आता काही बाकी नाही असं लिहिलेलं पत्र. हे पत्र न घेतल्यामुळे तीच रक्कम पुढच्या ऑडिटमध्ये पुन्हा निघाल्याची प्रकरणं मी बघितलीत, आणि तेव्हा जुना कारकून बदलून गेलेला असतो, जुनी ब्रँच दुसऱ्या ब्रँचमध्ये मिसळलेली असते, आणि आजी म्हणतात मी दिले हो, पण कागद नसतो.

बँक ऐकतच नसेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. ब्रँचला लेखी तक्रार, तिची पोच. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार, ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. स्टेट बँकेतून पेन्शन असेल तर त्यांचं पेन्शन प्रोसेसिंग सेंटर इथेच बेलापूर स्टेशनच्या कॉम्प्लेक्समध्ये आहे, ब्रँच जे सांगते ते कधीकधी तिथून तपासून घेता येतं. केंद्राच्या पेन्शनरांना सीपेनग्राम्स पोर्टल आहे. पण लोकपालाकडे बँकेच्या वागणुकीची तक्रार चालते, दर किती लागायला हवा हा प्रश्न तिथे नेऊ नका, तो कोषागार किंवा महालेखापालांचा.

वारसांना एक सांगून ठेवतो. पेन्शनर गेला, मागे फॅमिली पेन्शन घेणारं कुणीच नाही, आणि जादा रक्कम मुलांकडून मागितली तर मुलांची जबाबदारी वडिलांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच असते, स्वतःच्या पगारातून भरायचं बंधन नाही. तरी खात्यात तेवढे पैसे पडून असतील तर तेच आधी परत जातील, त्यावर वाद घालू नये.

इन्कम टॅक्सचं विसरू नका. वडिलांचं पेन्शन पगार म्हणून धरलं जातं, आईंचं फॅमिली पेन्शन इतर उत्पन्नात, आणि त्यातून एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा यातली कमी रक्कम वजा मिळते, ही मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत आता २५,०००. सप्टेंबर-ऑक्टोबरची जादा रक्कम वडिलांच्या फॉर्म १६ मध्ये उत्पन्न म्हणून येऊन बसते. परत केलीत की बँकेकडून परतीचं पत्र घ्या आणि फॉर्म १६ दुरुस्त करून मागा, मार्च संपायच्या आत मागितलं तर सोपं जातं.

आणि ज्यांच्या घरात सध्या पेन्शनर आहेत त्यांच्यासाठी: मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तर आपण करतोच, दाखल्याच्या पाच-सहा प्रती तेव्हाच घ्या, आणि त्यातली एक त्याच आठवड्यात बँकेत आणि एक कोषागारात द्या. तेरावं झाल्यावर बघू म्हणू नका. आठवड्यात कळवलं तर जादा रक्कम फार तर एका महिन्याची होते, आईंचं पेन्शन लवकर लागतं आणि एवढं लिहायची वेळच येत नाही.

ताई, तुम्ही सोमवारी पासबुक छापून घ्या आणि वरचा अर्ज आईंच्या सहीने दोन्हीकडे द्या. बँकेने लेखी हिशोब दिला की तो नावं आणि खाते नंबर झाकून मला दाखवा, डीएचे खरे टक्के घालून पुन्हा एकदा आकडा काढून देतो.